शिडीचा माळ

सॅव्हाना हा शब्द प्राणिसंग्रहालयात कुणाच्याच जिभेला मानवला नाही. गवंड्यांनी त्याचा ‘सवाना’ केला, कार्यालयात तो ‘सावना’ झाला, आणि तिकीट फाडणाऱ्या बाईंनी तर “ती सुहाना कधी उघडणार?” असं विचारून कळस केला. शेवटी संचालकांनीच तोडगा काढला. “उंच गवत, तुरळक झाडं, मोकळं रान. म्हणजे माळच की. आपण माळ म्हणू.” तेव्हापासून सगळे माळ म्हणायला लागले, आणि तो माळ रचायला जिला बोलावलं होतं तिचं नाव आपोआप माळीणबाई पडलं.

“मी माळीण नाही हो,” तिने जिराफ सांभाळणाऱ्या मामांना समजावून पाहिलं. “मी रचनाकार आहे. प्राण्यांसाठी जागा रचते.”

“मग गवंडीणबाई म्हणू का?” मामांनी भाबड्या चेहऱ्याने विचारलं.

तिने माळीणबाई पदरात पाडून घेतलं.

तसा तिला नावं ठेवण्याचा हक्क जगाला होताच. सॅव्हाना तिने जन्मात पाहिली नव्हती. तिथलं गवत, तिथली वारुळं, छत्रीसारखी पसरलेली झाडं, सगळं तिला चित्रांवरून आणि माहितीपटांवरून तोंडपाठ होतं. म्हणजे पोहणं पुस्तकातून शिकलेल्या माणसाला पाणी जेवढं माहीत असतं तेवढं. त्यात आराखडे काढायची वेळ म्हणजे बबडी झोपेल ती. बबडी दीड वर्षाची; तिची झोप चिमणीच्या पाण्याइतकी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरायचा, एक हात पेन्सिलीवर आणि एक कान पाळण्याकडे. अशाच एका आराखड्यावर कुस्करलेलं केळं सांडलं, ते तिने पुसलं, डाग राहिला. पुढच्या आठवड्यात मुकादम म्हणाला, “बाई, ते डबकं खणून झालं. छान झालंय.”

“कुठलं डबकं?”

त्याने कागदावर बोट ठेवलं. केळ्यावर.

ती गप्प बसली. शहामृगांना आज अख्ख्या माळात सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ते डबकं. संचालक पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवतात, आणि ती त्या वेळी बुटाची नाडी बांधायला खाली वाकते.

बाकीचं मात्र तिने जीव ओतून केलं होतं. तिच्या धंद्यात एक नियम आहे: माणसाचा हात दिसता कामा नये. तो तिने असा काही पाळला की विचारू नका. कुंपणाची तार वेलीसारखी रंगवली. खंदक गवतात असा बुडवला की झेब्रे आणि बघणारे यांच्यामध्ये काही आहे याचा पत्ता लागू नये. सिमेंटच्या खडकांना चहाच्या चोथ्याचं पाणी पाजून जुनं केलं. मधोमध सिमेंटचं एक जाडजूड, फुगीर झाड उभं केलं आणि जिराफाच्या चाऱ्याची टोपली त्याच्या खोडाच्या ढोलीत, पार मागच्या बाजूला, दडवली. जिराफ तिथे मान घालून खाईल, आणि बघणाऱ्यांना वाटेल की जंगलात झाडपाला खातोय. एवढ्यावरही तिचं समाधान होईना. बबडीएवढ्या मुलांना सगळं दिसतंय ना, हे बघायला ती बघ्यांच्या वाटेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्क रांगली. घरात बबडीला कुठे काय लागेल हे शोधायला ती अशीच रांगली होती; सवय होती.

“बाई, काही हरवलं का?” झाडूवाल्याने विचारलं होतं.

“नाही. बघतेय.”

“काय?”

“सगळं,” ती गुडघे झाडत म्हणाली होती, आणि तेव्हा तिला ते उत्तर फार भारी वाटलं होतं.

हे सगळं ज्या प्राण्यासाठी, तो प्राणी मात्र दारातून बाहेर यायला तयार नव्हता.

तिचं नाव शिडी. जिराफाची मादी, इथेच जन्मलेली. आईने जवळ घेतलं नाही म्हणून मामांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. आजवरचं आयुष्य मागच्या जुन्या अंगणात गेलं: खाली फरशी, भोवती गज, आणि डोक्याच्या उंचीवर आडव्या लोखंडी पट्ट्या, ज्यांना मामा पाल्याच्या फांद्या बांधत. आता तिला माळाच्या कडेच्या नव्या घरात आणलं होतं. उंच छताचं घर, उंच दार. दार रोज सकाळी उघडायचं, शिडी मान बाहेर काढायची, लांबच लांब पापण्यांआडून समोरच्या माळाकडे बघायची. मग एखाद्या पाहुण्या बाईने न आवडलेल्या घरात ‘छान आहे हं’ म्हणून पाऊल मागे घ्यावं तशी मान आत घ्यायची.

प्रत्येकाकडे कारण तयार होतं. डॉक्टर म्हणाले, खुराला गवत टोचत असेल. संचालक म्हणाले, संगीत लावून बघू. मामा म्हणाले, शहामृग तिच्याकडे टक लावून बघतात, कुणाला आवडेल. शिवाय ती रुसली आहे.

“कशावर रुसलीये?” तिने विचारलं.

“तुमच्यावर.”

“मी काय केलं?”

“ते तिलाच विचारा. मला काही सांगत नाही ती, हल्ली माझ्याशीही अबोला आहे.” मामा हसत म्हणाले, पण रोज दाराशी गाजर हातात धरून ताटकळणाऱ्या त्या माणसाचे डोळे हसत नव्हते.

कारण एव्हाना गोष्ट रुसव्याफुगव्याच्या पलीकडे गेली होती. जुनं अंगण पाडून झालं होतं. जिराफाला आयुष्यभर खोलीत कोंडून ठेवता येत नाही, हे संचालकांना कळत होतं. संचालक मोठे सौम्य. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर “बघू”. त्या दिवशी बैठकीत मात्र ते बघू म्हणाले नाहीत. “उद्या दुपारी पाहणी समिती येते आहे. शिडी बाहेर आली तर उत्तमच. नाहीतर दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयाने तिला मागितलंय, त्यांच्याकडे मोठं अंगण आहे. मी हो म्हणणार आहे.”

“ट्रकने?” मामांनी विचारलं.

“दुसरं कशाने नेणार?”

वाढलेल्या जिराफाला पेटीत घालून ट्रकने नेणं म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ती घाबरली, पेटीतल्या पेटीत घसरली, एक पाय मोडला की संपलं. मोडलेल्या पायाचा जिराफ पुन्हा उभा राहत नाही. माळीणबाईने मान खाली घालून आराखड्याकडे बघितलं. तो फार सुंदर दिसत होता. स्वतःचाच राग यावा इतका.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर बबडीचा वेगळाच खेळ चालला होता. तिच्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात मऊ गादी, कापडी हत्ती, कापडी सिंह असं एक छोटं रान आईने सजवलं होतं. बबडी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. ती ओट्याला धरून, टाचा उंच करकरून, वर काय आहे ते दिसावं म्हणून आटापिटा करत होती.

“तिकडे तुझ्या जिराफाला घर आवडत नाही, इकडे पोरीला आवडत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “जागा रचण्याचा धंदा तू नक्की विचार करून निवडलास ना ग?”

“आई, माझी शिकवणी नंतर घ्या. एक फोन करायचाय.”

फोन गवतवाल्याला करायचा होता. झेब्र्यांनी पंधरवड्यात दारासमोरचं गवत पार मुळापर्यंत साफ केलं होतं, आणि शिडीच्या दारापासून त्या मोठ्या झाडापर्यंत उघडी माती दिसत होती. कदाचित त्या मातीलाच ती बिचकत असेल. बुडत्याला काडीचा आधार. बबडीला काखेत घेऊन तिने नंबर लावला, आणि बबडीने नेमक्या त्याच क्षणी भोकाड पसरलं.

“उद्या सकाळपर्यंत माळ हवा,” ती त्या आवाजावरून ओरडून म्हणाली. “दारापासून मोठ्या झाडापर्यंत, सलग. मध्ये वीतभरही रिकामं दिसता कामा नये.”

“सकाळपर्यंत? करतो की,” पलीकडून उत्तर आलं.

गवतवाला एवढ्या लवकर कधी हो म्हणत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण बबडीने तोवर फोनच तोंडात घातला होता.

सकाळी ती पोहोचली तेव्हा माळावर कोवळं ऊन पसरलं होतं. झेब्रे आणि शहामृग अजून मागच्या वाड्यात बंद होते, खडक अगदी खडकांसारखे दिसत होते, आणि शिडीच्या घराच्या दारापासून सिमेंटच्या झाडापर्यंत, दोन पुरुष उंचीच्याही वर, लाल, पिवळ्या, निळ्या दिव्यांची लांबलचक माळ लटकत होती.

झाडाखाली वायरमन हात पुसत उभा होता. चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केल्याचं तेज.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“माळ.”

“कुणी सांगितली?”

“तुम्हीच ना. काल फोन केलात. दारापासून झाडापर्यंत सलग. मी म्हटलं, पाहुणे येणार, बाईंना रोषणाई हवी असेल.”

तिने फोन उघडून पाहिला. गवतवाल्याच्या खालीच वायरमनचं नाव होतं. बोट एका ओळीने घसरलं होतं.

“अरे, मी ‘माळ हवा’ म्हणाले. हवा. हा माळ.” तिने हात पसरून अख्खा माळ दाखवला.

वायरमनने डोकं खाजवलं. “मला ‘माळ ह’ एवढंच ऐकू आलं, बाई. पुढचा हवा की हवी तो तुमच्या बाळाने खाल्ला.”

मामा दाराच्या आड तोंड फिरवून हसत होते. तिलाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकण्यातलं नव्हतं. दुपारी समिती. माणसाचा हात दिसता कामा नये म्हणणाऱ्या बाईच्या रानात लग्नघराची रोषणाई. “काढ ते आधी,” ती म्हणाली. “करंट आहे का त्यात?”

“अजून काही जोडलंच नाही. आत दिवेसुद्धा नाहीत, नुसते प्लास्टिकचे गोळे आहेत. शिडी आणतो आणि काढतो.”

“शिडी तर आतच आहे,” मामा म्हणाले. हा विनोद ते दर आठवड्याला करायचे. वायरमन तरीही हसला आणि लाकडी शिडी आणायला गेला.

आतली शिडी तेवढ्यात जागी झाली होती. दार उघडंच होतं. तिची मान हळूहळू बाहेर आली, नेहमीसारखी, थांबली, नेहमीसारखी. मग नेहमीसारखी आत गेली नाही. दाराच्या चौकटीवरूनच माळेचं पहिलं टोक सुरू होत होतं, बरोबर तिच्या नाकासमोर. शिडीने त्याचा वास घेतला. काळपट लांब जीभ बाहेर काढली आणि लाल गोळा चाटला. मग पुढचा पिवळा. पिवळ्याच्या पुढचा निळा जिभेला पुरेना, तेव्हा तिचा पुढचा एक पाय उंबऱ्याबाहेर, मातीवर पडला. मग दुसरा.

मामांनी माळीणबाईचा दंड घट्ट धरला. तिने श्वास रोखला.

आणि खांद्यावर शिडी घेऊन वायरमन शीळ घालत कोपऱ्यावरून वळला. शिडी खडकावर आपटली. ‘खण’ असा आवाज झाला. सिमेंटचे खडक पोकळ असतात. एका झेपेत जिराफ आत, घराच्या पार मागच्या भिंतीला.

“माझं काही चुकलं का?” वायरमनने विचारलं.

“तुझं नाही,” माळीणबाई म्हणाली. ती वर बघत होती. त्या हास्यास्पद माळेकडे, आणि माळेच्या वर, खाली, दोन्ही बाजूंना पसरलेल्या रिकाम्या आभाळाकडे. “मामा, जुन्या अंगणात तिच्या तोंडासमोर काय असायचं?”

“पट्ट्या. पाला. मी वर चढलो की मी.”

“आणि इथे?”

मामांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. “इथे काहीच नाही,” ते म्हणाले. “रोज गाजर घेऊन उभा राहतो मी. तेही खाली. माझ्याही ध्यानात आलं नाही बघा.”

इथली वारुळं गुडघ्याएवढी. गवत कमरेएवढं. खडक छातीएवढे. डोक्याच्या उंचीवर एकच गोष्ट होती, चाऱ्याची टोपली, आणि तीही तिने ढोलीत अशी बेमालूम दडवली होती की खाणारीलाच दिसू नये. खाणाऱ्यापासून लपवलेलं जेवण: हे जमवायला शिक्षण लागतं. सगळा माळ तिने रांगून पाहिला होता, बबडीच्या उंचीवरून. बबडी ओट्याला धरून टाचा उंचावते, तिला वरचं बघायचं असतं, हे काल डोळ्यांदेखत दिसलं तरी अक्कल आली नव्हती. ज्या बाईसाहेबांना आयुष्यभर फक्त वरचंच दिसतं, त्यांच्यासाठी तिने वर काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं.

“जागा तीच राहू दे,” ती वायरमनला म्हणाली. “गोळे काढ, आणि तारेऐवजी जाड दोर बांध. मामा, पाला किती आहे?”

“गाडीभर. पण बाई,” मामा अडखळले, “दोर दिसेल की. लांबून दिसेल. तुमचा तो नियम…”

बघ्यांच्या वाटेवरून हा माळ कसा दिसतो याचा फोटो तिने आईला, बहिणीला, शाळेतल्या मैत्रिणीला पाठवला होता. आपल्या कामात आजवर इतकं देखणं तिने काही केलं नव्हतं. आता त्याच्या मधोमध, आडवा, वाळत घातलेल्या कपड्यांचा वाटावा असा दोर येणार होता.

“दिसू दे,” ती म्हणाली. “आणखी एक करायचं. ढोलीच्या या बाजूला भोक पाडू. टोपली दारातून दिसली पाहिजे.”

“सिमेंट फोडायचं? कोरीव काम आहे त्याच्यावर.”

“माझंच आहे. आणा तो हातोडा.”

दार लावून सगळे कामाला भिडले. सिमेंट फोडताना तिला वाईट वाटायला हवं होतं; तसं काही वाटलं नाही, फक्त आपण ते फारच मजबूत बांधलंय एवढं मात्र लक्षात आलं. मामांनी हातोडा काढून घेतला तेव्हा भोक जेमतेम भाकरीएवढं झालं होतं, ते त्यांनी टोपलीएवढं केलं. वायरमनने दोर ताणला. फांद्या बांधायच्या तर दाराजवळचं टोक घराच्या छतावरूनच हाताला येत होतं, तेव्हा ती छतावर चढली. शेवटची फांदी बांधून होते न होते, तोच खालून वायरमनने हळूच हाक मारली.

“बाई, ते आले. फाटकाशी आहेत. मी शिडी घेऊन सटकतो, नाहीतर पुन्हा माझ्या हातून खण होईल.”

“अरे, मी वर आहे,” ती म्हणेपर्यंत शिडी गेलेली होती. खाली मामांच्या हातात दाराची साखळी होती. त्यांनी वर बघितलं. तिने मान डोलावली आणि छताच्या कडेशी पालथी पडून राहिली, सरपटणाऱ्या प्राण्याने राहावं तशी.

दार उघडलं.

बघ्यांच्या वाटेवर संचालक, समितीच्या बाई आणि दोन गृहस्थ येऊन उभे राहिले. समितीच्या बाईंनी आधी दोराकडे बघितलं, मग फुटलेल्या झाडाकडे, मग छतावर पालथ्या पडलेल्या, खांद्यावर बबडीच्या लापशीचा डाग असलेल्या व्यक्तीकडे. त्यांनी संचालकांना काहीतरी विचारलं. संचालकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मामा भिंतीला टेकून उभे होते, साखळी मुठीत आवळून. आतून एक लांब, गरम श्वास ऐकू आला. मग छताच्या कडेखालून ती दोन शिंगं वर आली, त्यांच्या टोकांवरचे केसांचे काळे गोंडे, मग कान, मग पापण्या. हात लांबवला तर गाल कुरवाळता येईल इतक्या जवळ. माळीणबाई हलली नाही. शिडीने तिच्याकडे पाहिलं, अगदी सावकाश, आणि ही काही खायची वस्तू नाही अशी खात्री पटल्यावर शेजारच्या फांदीला तोंड लावलं.

दुसरी फांदी. उंबऱ्याबाहेर पाय. तिसरी. मग चारही पाय मातीवर, सगळी शिडी उन्हात. मध्ये एकदा ती थबकली, मागे वळून दाराकडे पाहू लागली, आणि मामांच्या तोंडून नकळत “चल ग बाळा” असं निघालं. ती चालली. दोराच्या कडेकडेने, फांदीमागून फांदी, थेट झाडापर्यंत. तिथे तिला भोकातून टोपली दिसली आणि तिचं अख्खं डोकं सिमेंटमध्ये गडप झालं. बाहेर नुसती मान राहिली.

समितीच्या बाई बघत होत्या. मग त्यांनी संचालकांना दोराबद्दल विचारलं असावं, कारण संचालकांचा आवाज वरपर्यंत आला, जरा मोठा, जरा अभिमानाचा: “तो मुद्दाम ठेवलाय.” थोड्या वेळाने ते मामांजवळ आले. “त्यांना मी ‘नाही’ म्हणून कळवतो,” ते म्हणाले. “ट्रक नको म्हणून.” मामांनी नुसती मान हलवली, साखळी खुंटीला अडकवली, आणि तोंड धुवायला नळावर गेले. चांगला वेळ तोंड धूत राहिले.

वर माळीणबाई अडकली होती. शिडी नेणारा परत येत नव्हता, हाक मारायची सोय नव्हती. तिने सासूबाईंना निरोप पाठवला की उशीर होईल, बबडीला डाळभात भरवा. मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ती तिथेच हनुवटी टेकून बघत राहिली. इतक्या उंचीवरून तिने आपला माळ कधी पाहिला नव्हता. इथून खडकांचे वरचे भाग रंगवायचे राहून गेलेले स्पष्ट दिसत होते. खंदक दिसत होता, पंप दिसत होता. आणि भिंतीपलीकडचं सगळं दिसत होतं: रस्ता, गॅरेज, एका गच्चीवर चादरी झटकून वाळत घालणारी एक बाई, तिच्या पायांत घुटमळणारं मूल.

शिडी पोटभर खाऊन परतली. दारात न जाता दाराशेजारी उभी राहिली, छताच्या अगदी कडेला, जबडा हलवत. तिचे कान त्या गच्चीकडे वळले. बाईने चादर झटकली की शिडीची मान जराशी पुढे व्हायची. झेब्रे सोडले गेले, डबक्यावर शहामृगांची भांडणं जुंपली, वारा सुटला आणि सगळं गवत एका बाजूला कललं, अगदी माहितीपटात कलतं तसं. शिडी एवढ्या सगळ्याकडे पाठ करून चादरी बघत होती.